माहेरी आलेली शेवंती

सोनगीर,
१० मे १९९४

प्रिय इंदूताई,

नणंदेला नमस्कार वाकून करायचा असतो. मी मात्र ओट्यावर भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून लिहिते आहे, तेव्हा वाकण्याचं तेवढं तुम्ही मनाने धरून घ्या. इकडे सगळं ठीक आहे. तुमचे भाऊ नांगरटीच्या मागे लागलेत. दुपारी जेवायला येतात तेव्हा अंगावर इतकी माती असते की आधी आवाजावरून ओळखावं लागतं. आईंचे गुडघे बरे आहेत. म्हणजे दुखतातच, पण आखाजीचा, लेकी माहेरी येण्याचा सण जवळ आला की सासूबाईंचे गुडघे आपोआप सुट्टीवर जातात, हे त्यांच्या लेकीला मी काय सांगायचं.

तुमचं ट्रेनिंग सुरू झालं असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरांनाच वर्गात कोंडायचं, ही ज्याची कोणाची कल्पना असेल त्याच्या पायाचं मी तीर्थ घ्यायला तयार आहे. पण जळगावचं ऊन आपल्यापेक्षा कडक. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय हॉस्टेलबाहेर पाऊल टाकू नका.

आता ज्यासाठी तुम्ही हे पत्र उघडलंत ते सांगते. शेवंती रुळली. त्या दिवशी ट्रेनिंगला जाण्याआधी तुम्ही धुळ्याहून मुद्दाम आलात, स्टँडवरच पिंजरा माझ्या हातात दिलात, वाळलेल्या गवताचं पोतं दिलंत, त्याच गाडीत परत चढलात आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीतून सांगत राहिलात. दिवसभर समोर गवत पाहिजे. वाळलेलं जास्त, हिरवं थोडं. पाणी ताजं. भाकरी नको, बिस्कीट नको, गूळ नको, केळं नको, डाळ नको. तुमच्या शेजारच्या सीटवरच्या बाईने शेवटी विचारलं, "ससाले एकादशी शे का?" मला हसू आलं, तुम्हाला आलं नाही. आपलं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहे. ते मी म्हटलं नाही आणि तुम्हीही म्हटलं नाही.

घरी आले तेव्हा आई मांड्यांसाठी गहू निवडत होत्या. पिंजऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हाई काय आनं?"

"ससा शे. मादी. इंदूताईनी शे, शेवंती नाव शे."

तुमचं नाव ऐकून हात सुपात थांबला. मग त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या वाटीत गूळ आणि पितळी तांब्यात पाणी घेऊन. मी तुमचा सगळा पाढा म्हणून दाखवला. त्यांनी वाटी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "दारमा येल पाव्हनाले गूळ नही, गवत? हाई घर शे का गोठा?"

गूळ मी खाल्ला, म्हणून त्या दिवसाचा प्रश्न मिटला.

मी मात्र तुमच्या बाजूने आहे. धुळ्याला देवपुरात तुमचा पहिला ससा गेला तेव्हा तुम्ही किती दिवस धड जेवला नव्हता, ते मला आठवतं. शेजारच्या मुलांनी कौतुकाने बिस्किटं घातली, कुणी भिजवलेले हरभरे घातले, आणि पोट फुगून गेला बिचारा. दुसरी एखादी रडली असती आणि परत ससा पाळला नसता. तुम्ही कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या सरांकडे जाऊन सशाचं पोट कसं चालतं ते शिकून आलात. तुम्हीच मला सांगितलं होतं, की त्याचं पोट म्हणजे थांबता न येणारं जातं, वरून गवताचे मुठीमागून मूठ घास पडत राहिले तरच फिरणार. गोडधोड आणि पिठाचं पडलं की आत आंबतं आणि जातं अडतं. आणि ससा काही ओकून मोकळा होऊ शकत नाही. हे ऐकल्यापासून मला गाजर कुरतडणाऱ्या सशाची चित्रं बघवत नाहीत. दातांचंही तुम्ही म्हणाला होता, की ते वाढतच राहतात आणि गवत चावूनच झिजतात. मी हे इथे बायकांना सांगते तेव्हा त्या मलाच मास्तरीण म्हणायला लागल्यात.

एक गंमत लिहायची राहिली. परवा सकाळी आईंनी शेवंतीला खाली मान घालून स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना पाहिलं. मग काय विचारता! "मास्तरीनबाईनी हाई शिकाडं का तिले?" पदर नाकाला लावून त्या पिंजरा धुवायला निघाल्या. मी सांगितलं, ते तिला लागतं, पहिल्या खेपेला पोटात पुरतं उरकत नाही म्हणून ती परत खाते, आपली म्हैस रवंथ करते त्यातलंच समजा. रवंथ म्हटल्यावर आईंचा चेहरा बदलला. पदर खाली आला. "मंग आशी सांग ना," म्हणाल्या. ती लेंडी खाताना आता त्या तोंड दुसरीकडे करतात, पण बोलत नाहीत.

तुमच्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

शुक्रवारी आखाजी. कमलताई सासरहून, दोंडाईच्याहून, गुरुवारीच माहेरपणाला येणार आहेत. निंबाला झोका बांधून झाला. शेवंतीला झोक्यावर बसवणार नाही, एवढं वचन देते.

तुमची लाडकी (असं मीच समजते),
लता

* * *

सोनगीर,
१४ मे १९९४

प्रिय इंदूताई,

आज घाईत आहे, खुशालीचं मागचंच चालवून घ्या.

काल आखाजी झाली. छान झाली. आईंनी मामंजींच्या, आपल्या नानांच्या नावाने पितरांची घागर भरली, मी खापरावर मांडे केले, ह्या वर्षी एकही फाटला नाही. कमलताईंनी ते वर धरून उजेडात पाहिले आणि माझी परीक्षा पास केली. आमरस झाला. झोक्यावर गाणी झाली. कमलताईंचा आवाज अजून तसाच आहे, तांबट आळीतले ठोके बंद झाले की पार मारुतीच्या पारापर्यंत ऐकू जातो. तुमचे भाऊ पत्ते खेळायला गेले आणि हरून आले. दरवर्षीप्रमाणेच.

आंबे ह्या वर्षी गोड आहेत. ऊन फार आहे. विहिरीचं पाणी खाली गेलंय.

शेवंती बरी आहे. उन्हामुळे जरा सुस्त वाटते. पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकलंय.

सहज विचारते, ससा एखाद्या दिवशी जेवला नाही तर चालतं का? म्हणजे त्यांचाही उपास वगैरे असतो का? तुम्ही सांगितलं असेल, मीच विसरले असेन. आणि ससा दात खातो तेव्हा तो रागावलेला असतो, की त्याला दुखत असतं? हेही सहजच. आईंना कुतूहल आहे.

हॉस्टेलला फोन लावून पाहिला, लागत नाही. काही तातडीचं नव्हतं.

पेटी उघडायच्या आत पत्र टाकायचं आहे.

लता

* * *

सोनगीर,
२० मे १९९४

प्रिय इंदूताई,

तुमचं पत्र मिळालं. नमस्कार नाही, खुशाली नाही, आत दोनच वाक्यं. "वहिनी, तिने काय खाल्लं? खरं लिहा." मुलांच्या चेहऱ्यावरून गृहपाठ ओळखायची तुमची सवय पत्रावरसुद्धा चालते हे मला माहीत नव्हतं.

आधी हे वाचा आणि श्वास सोडा. शेवंती जिवंत आहे आणि बरी आहे. आत्ता मी लिहिते आहे तर ती माझ्या पदराशी बसून हरळीची काडी आत ओढते आहे, मशीनमधून दोरा आत जावा तशी. पोट मऊ आहे. लेंड्या गोल, कोरड्या आणि भरपूर आहेत. लेंड्यांबद्दल मी इतक्या आनंदाने कधी कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं.

मागच्या पत्रात उन्हाचं लिहिलं ते खोटं होतं. मला शेवंतीच्या जिवाची काळजी होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. तुम्ही ठरलेल्या साखरपुड्याला नाही म्हणून देवपूरला निघून गेलात, आणि आई म्हणाल्या, की नवऱ्याच्या घरून येशील तर हे माहेर, एरवी नाही. तेव्हापासून किती आखाज्या गेल्या. तुम्ही हा उंबरा ओलांडला नाहीत आणि आईंनी बोलावलं नाही. तुमच्या दोघींमध्ये ये-जा करणारी मी एकटी. त्यात तुमचा जीव असलेलं जनावर ह्या घरात मेलं असतं, तर पुढे मी कुठल्या तोंडाने तुम्हाला आईंचं नाव सांगितलं असतं? म्हणून ऊन लिहिलं. रागवायचं तर रागवा, पण सगळं वाचून मग.

आखाजीच्या दिवशी दुपारी पानं मांडली. कमलताईंना पाटावर बसवलं, त्यांच्या शेजारी त्यांच्या मुली. मी खापरापाशी होते. आई वाढत होत्या. माहेरवाशिणीचं ताट आई कसं वाढतात ते तुम्हाला ठाऊक आहे. नको म्हणणाऱ्याच्या हातावर हात ठेवून वाढतात. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्यांनी एक लहान ताटली घेतली, तीत मांड्याचा तुकडा मोडला, वर रस ओतला, तूप सोडलं, आणि पिंजऱ्यापाशी जाऊन शेवंतीला मांडीवर घेतलं.

मी खापर सोडून धावले. म्हटलं, "आई, इंदूताईनी नको सांगेल शे."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तिनी ते सगळालेच नको सांगेल शे. सणना दिन माहेरले येल आंडेर गवत खाई का?"

ताई, मी तिथेच उभी राहिले. माझा मांडा मागे करपला. कमलताई जेवायच्या थांबल्या. लेक म्हणाल्या त्या शेवंतीला! कोणाला म्हणाल्या ते आम्हाला दोघींनाही कळलं, आणि त्यांच्या हातातून ताटली काढून घ्यायची आमची कोणाची छाती झाली नाही. शेवंतीने आधी वास घेतला, मग रस चाटला, मग ताटली पुसून काढली. आईंनी तिला अजून एकदा वाढलं. त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवत जसंच्या तसं पडलेलं. पाण्याला तोंड नाही. शेवंती कोपऱ्यात पाठीचा गोळा करून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि दात कर्रकर्र वाजवत. पिंजऱ्यात एक लेंडी नाही. आईंनी पोटाला हात लावला आणि हात तसाच मागे घेतला. पोट तबल्यासारखं ताठ होतं.

त्या उठल्या आणि फळीवरून एरंडेलाची बाटली काढली, हिंगाची डबी काढली. गल्लीतल्या निम्म्या पोरांची पोटं आईंच्या हिंगाने आणि एरंडेलाने बरी झालीत, तुम्ही आणि तुमचे भाऊ त्यातलेच. बूच उघडलं. चमचा पुसला. आणि मग काय वाटलं कोण जाणे, शेवंतीकडे बघत त्या तशाच बसल्या. बाटलीला बूच लावलं. मला म्हणाल्या, "इंदूनी काय काय सांगेल व्हतं, परत सांग."

मी सांगितलं. खिडकीतून तुम्ही म्हणाला होता ते सगळं, देवपूरला पूर्वी सांगितलेलं सगळं. आईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ओव्याचं पाणी चालेल का, एवढं विचारलं. मी म्हटलं, त्याबद्दल इंदूताई काही बोलल्या नव्हत्या. "तिनी सांगेल नही ना? मंग नही देवानं."

इंदूताई, मला आईंचा राग खूपदा आलाय, धाक तर रोजचाच. पण त्या क्षणी मला वाटलं, ही बाई आपली सासू आहे हे आपलं भाग्य. ज्या वयात माणसं आपलाच हेका मोठा करत नेतात त्या वयात ह्यांनी स्वतःची बाटली स्वतःच्या हाताने फळीवर परत ठेवली. तेही कुणाच्या शब्दावर, तर ज्या लेकीचा शब्द त्यांनी कधी मानला नव्हता तिच्या.

तुमचे भाऊ नांगर सोडून ढोरांच्या डॉक्टरांना मोटारसायकलवर बसवून घेऊन आले. भला माणूस. आधीच म्हणाले, "बाई, सशाला मी आजवर हात लावलेला नाही, जे समजतं ते सांगतो." नळी पोटाला लावून किती तरी वेळ ऐकलं. आत काहीच हालचाल नाही म्हणाले, म्हशीचं पोट बंद पडतं तसंच हे. जुलाब काही देऊ नका, तेल घालू नका. गॅससाठी तान्ह्या बाळांचं औषध थेंबाथेंबाने द्या. पाणी पाजत राहा. आणि गवत आत गेलं पाहिजे, चावत नसेल तर वाटून द्या. मी त्यांना तुमचं जात्याचं सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, "मॅडमनी बरोबर सांगितलंय. त्याच वाटेने चला." आई दारामागे उभ्या होत्या. मॅडम म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला.

मग जे सुरू झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. कमलताई पहिल्या गाडीने परत जाणार होत्या, त्यांना आईंनी निरोप दिला तो शेवंतीला मांडीवर घेऊनच. तुमच्या पोत्यातलं वाळलेलं गवत त्यांनी पाट्यावर वाटलं. चटणी वाटतात त्या पाट्यावर! आधी तो तीनदा घासून धुतला, मिरचीचा वाससुद्धा राहू नये म्हणून. वाटलेलं पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, चमच्याच्या टोकाने गालाच्या कडेतून थोडं थोडं सोडायचं. ती थुंकायची, आई पुसायच्या आणि परत सोडायच्या. पोटावरून हात फिरवायचा तो अगदी हलका, बाळाला न्हाऊ घालतात त्याहूनही हलका. मग तिला खाली सोडायचं, चार उड्या मारू द्यायच्या, की परत चमचा.

हिरवं गवत ह्या दिवसात कुठे मिळतं? सगळं रान करपलेलं. फक्त आपल्या विहिरीच्या पाटाच्या कडेला हरळी आहे, जिला तुमचे भाऊ जन्मभर शिव्या घालत आलेत. आई उजाडता उजाडता त्या गुडघ्यांनिशी तिथे जाऊन बसायच्या आणि कोवळी पाती तेवढी खुडून ओल्या फडक्यात आणायच्या. तुमचे भाऊ कुदळ घेऊन पाट साफ करायला निघाले तर त्यांच्यावर ओरडल्या, "हात लावू नको तठे! ती शेवंतानी शे." शेवंती म्हणत नाहीत त्या, शेवंता म्हणतात.

रविवारी दुपारी मला जरा डोळा लागला होता. जाग आली ती आईंच्या बोलण्याने. ओलं पोतं टाकलेल्या खिडकीखाली बसून त्या तिला सांगत होत्या, "तुनी मालकीन मायवर रागे भरेल शे. तू बी भरू नको." थोड्या वेळाने, "ती जेवस का येळवर? तिना घर कोन शे इचाराले?" आणि मग, "मी सगळासले खावाडं माय, पन कोनले काय चालस, हाई कधी इचारं नही."

मी डोळे उघडले नाहीत. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं ना, की त्यांनी तुमच्याबद्दल काही विचारलं नाही? तेही तितकंसं खरं नव्हतं. मला विचारलं नव्हतं. शेवंतीला त्या पहिल्या दिवसापासून विचारत होत्या. हॉस्टेलला पंखा आहे का, तुनी मालकीन आजून रातले वाचत बसस का, केस गळतात का. मला वाटायचं त्या जनावराशी खेळतात.

सोमवारी सकाळी मी चुलीपाशी होते. ओट्यावरून अशी हाक आली की माझ्या हातातलं दूध सांडलं. "लता! लता वं! ये, दख!" मला वाटलं संपलं. धावत गेले तर आई जमिनीवर फतकल घालून बसलेल्या, तळहात पुढे केलेला, आणि त्यावर काळ्या मिरीएवढ्या दोन वेड्यावाकड्या लेंड्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. जी बाई सशाची लेंडी बघून नाकाला पदर लावत होती, ती हातावर घेऊन गल्लीला दाखवत होती! समोरच्या यशोदाबाई विचारत आल्या, काय झालं, कोणाकडे काय झालं? आई म्हणाल्या, "मनी इंदूना ससानी लेंड्या टाक्यात." बायका हसल्या. पण आईंनी माझी इंदू म्हटलं, चारचौघींत, ते माझ्या कानांनी नीट ऐकलं.

संध्याकाळपर्यंत शेवंतीने पहिली काडी आपणहून तोंडात धरली. आईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. तोवर त्याही चमच्या-चमच्यानेच जगत होत्या.

तुमचं दोन ओळींचं पत्र काल आलं तेव्हा मी ते लपवणार होते. आईंनी पोस्टमनला पाहिलं होतं. "वाच," म्हणाल्या. वाचलं. मी म्हटलं, मी लिहिते काहीतरी, आंब्याची साल चुकून पडली होती असं. त्या म्हणाल्या, "नही. मी खावाडं लिही. मनं नाव घालीसन लिही." आणि आज सकाळी अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून माझ्यासमोर बसल्या, की आता मी सांगते ते उतरव, आणि शाळेच्या भाषेत करू नको. म्हणून पुढचं त्यांचं आहे. मी फक्त हात चालवला.

"इंदू, मी तुनी माय बोली ऱ्हायनू. तुना ससाले मांडा मी खावाडा. लतानी नको सांगं व्हतं, मी आयकं नही. आते तो बरा शे. तू सांगेल तेच खरं व्हतं. ससानं बी, आनी तव्हयनं, साखरपुडानं बी. मी तव्हय बी आयकं नही.

"ट्रेनिंग सरनं की तू स्टँडवर ये आनी ससा लई जाय, आशी लता सांगस. तसं नको. ससा मी लई येसू, देवपूरले. कमलनं लगीन व्हयनं तव्हयपासून तिले पोर व्हये पर्यंत मी तिना घरनं पाणी बी पिधं नही. लेकना सासरनं मायबाप खातस नहीत, आशी आपली रीत शे. तुना घर सासू नही, सासरा नही. ते घर तुनं एकलीनं शे, तुना कमाईनं. मंग तठे मी पाणी पिऊ शकस. जेवू बी शकस. मले आडकाठी नही.

"मी जेवाले येऊ का? तू जे रांधशी ते खासू. काय खावानं, काय नही, ते तू सांग. तू ये म्हनशी तव्हयच येसू. नही म्हनशी ते तुना भाऊसंगे, सुकदेवसंगे पिंजरा धाडसू, मी रागे भरावू नही."

एवढं सांगून त्या थांबल्या. मी विचारलं, आणखी काही? म्हणाल्या, "नही. आते तिनं काम."

इंदूताई, सल्ला द्यायची माझी पात्रता नाही आणि तुमचं दुखणं किती जुनं आणि खोल आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही एकटीने घर उभं केलंत, आणि ज्यांनी दार लावलं त्यांच्याबद्दल माझ्याजवळ कधी एक वाकडा शब्द काढला नाहीत, म्हणून मी तुम्हाला मनातून फार मानते. पण आता मला आईंनाही तेवढंच मानावं लागतंय. मला तुम्ही दोघी एका ताटाशी बसलेल्या बघायच्या आहेत. बस, माझं मागणं तेवढंच.

उत्तर काहीही असो, पाकिटावर माझं नाव घालू नका. आईंचं घाला, मंजुळाबाई असं. त्यांच्या नावाने ह्या घरात आजवर एकही पत्र आलेलं नाही. पोस्टमनने दारात उभं राहून त्यांचं नाव पुकारावं, एवढं तरी करा.

तुमच्या आईची सून,
लता